आमच्या चौघांतला खालचा आवाज

भजनी मंडळातून मला काढलं होतं, हे सांगायची आता लाज वाटत नाही. हाकललं नाही कोणी, पण काढलंच. भिलाईत आमच्या सेक्टरच्या गणपतीत आम्हा भंडारा-गोंदियाकडच्या लोकांचं मंडळ होतं, सगळे स्टील प्लांटमधले. मी तोंड उघडलं की बुवा पेटीवरचा हात थांबवून माझ्याकडे पाहायचे. माझा आवाज खाली. इतका खाली की सगळे वर गात असताना कोणी विहिरीत उतरून बोलून राहिलं असं वाटायचं. शेवटी बुवा म्हणाले, "तू असं कर बापा, तू टाळ धर." मी टाळ धरला आणि रागारागानं असा वाजवला की पुढच्या वर्षी तोही काढून घेतला.

त्याच मांडवात आरतीला एक रेल्वेचे गार्ड आले होते. नागपूरकडचे मराठी ख्रिस्ती, राहायला भिलाई-तीनला, आमच्या शेजाऱ्यांच्या ओळखीचे. प्रसाद खाता खाता माझ्याजवळ आले अन् म्हणाले, "भाऊ, आरतीत तो खालचा आवाज तुमचाच काय?" मला वाटलं हाही आता टोमणा मारणार. मी म्हटलं, "हाव, माझाच. चुकलं काय काही?" तर ते म्हणाले, "चुकलं कायचं! आमी असा आवाज दोन वर्षं शोधून राहिलो."

असा मी गॉस्पेलवाल्यांत, म्हणजे चर्चची गाणी गाणाऱ्यांत, गेलो. चौघांचा गट होता तो. सर्वांत वर सिस्टर, म्हणजे दवाखान्यातली नर्स, इथल्याच छत्तीसगढी ख्रिस्ती घरची. तिच्याखाली मॅडम, रिटायर शिक्षिका, मूळच्या केरळच्या, गटाच्या प्रमुख. मग गार्डसाहेब. अन् तळाशी मी. वाद्य एकही नाही, नुसते चार गळे. रविवारी चर्चमध्ये गायचं, कोणाच्या लग्नात गायचं, कोणी गेलं तर कब्रस्तानात गायचं. बायकोनं पहिल्याच दिवशी विचारलं, "किरिस्ताव तं नाही ना होऊन राहिले?" मी म्हटलं, "गाऊन राहिलो फक्त." ती म्हणाली, "मंग जा. पण परसाद खाऊन या म्हणजे रात्रीचा सैपाक वाचन."

मी रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवायचो. वर केबिनमध्ये एकटा. क्रेन चालू झाली की तिची एक घूं लागायची, अन् मी त्या घूंच्या खाली आवाज लावून पाहायचो. तिच्याहून खाली गेलो की छातीची पेटी आतून थरथरायची. त्या थरथरण्यात मला जे सुख होतं ते मी कोणाला सांगितलं नाही, सांगून समजलंही नसतं. मॅडमकडे गेलो तेव्हा पहिल्यांदा त्या थरथरीचा कोणाला काही उपयोग आहे हे कळलं.

त्या गटाची एक रीत होती. तीच सांगायला मी हे लिहायला बसलो.

चार माणसं लांब सूर धरून उभी असली तर श्वास कोणाचा ना कोणाचा तुटणारच. पण ऐकणाऱ्याला तो खड्डा दिसता कामा नये. म्हणून शेजारचा तो बुजवायचा. सिस्टर संपली की मॅडम अलगद वर चढायच्या, तिचा सूर धरायच्या, ती परत आली की आपल्या जागी यायच्या. माझा श्वास तुटला की गार्डसाहेब खाली उतरायचे. डोळ्यांनी खूण नाही, मान हलवणं नाही. अन् सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे नंतर बोलायचं नाही. कोणाचा श्वास कुठं तुटला, कोणी भरला, हे गाणं झाल्यावर काढायचंच नाही. मॅडम म्हणायच्या, इथं कोणी आपला सूर गात नाही, देवाचा गातो, मग हिशेब कसला? मला हे लय आवडलं होतं. आमच्याकडे पंगतीत कोणाच्या ताटात काय कमी पडलं तर वाढणारा गुपचूप वाढून जातो, बोंब मारत नाही, तसंच हे. सिस्टर पोटुशी होती तेव्हा तिला ओळभरही दम पुरत नव्हता. आम्ही तिघांनी ते सगळे महिने निभावून नेले, अन् त्यावर आजपर्यंत कोणी एक शब्द बोललं नाही.

आता माझ्या बायकोचं सांगतो. नाताळला ती चर्चमध्ये यायची, शेवटच्या बाकावर बसायची, पदर डोक्यावर घेऊन, जशी देवळात बसते. घरी येताना गाडीवर मागून म्हणायची, "छान झालं जी. पण तुमचा आवाज कोणता होता?" दरवर्षी. मी समजावून सांगायचो की बाई, खालचा आवाज वेगळा ऐकू येत नसतो, तो निघून गेला म्हणजे कळतो. ती म्हणायची, "म्हणजे तुमी गेल्यावर कळन काय मले?" अन् हसायची. एकदा नव्या नव्या उत्साहात मी घरी माझी एकट्याची ओळ म्हणून दाखवली. एकट्याच्या खालच्या ओळीत गाणं नसतंच हो, नुसतं घुमणं असतं. तिनं स्वयंपाकघरातून आवाज दिला, "मिक्सर बिघडला काय?" झालं! माझं डोकं सटकलं. त्यानंतर घरात मी कधी सूर लावला नाही. मी असाच आहे, एकदा रुसलो की रुसलो. पण मनात एक होतंच. एकदा तरी हिनं माझा आवाज वेगळा ऐकावा, अन् म्हणावं, हा तुमचा.

मी रिटायर झालो, क्वार्टर सुटलं, दुर्गजवळ बोरसीला घर बांधलं. गट चालूच होता. तेवढ्यात मॅडमनं ते जॅझचं काढलं. त्यांचे वडील रेल्वेत होते आणि रेल्वे इन्स्टिट्यूटच्या नाचाच्या कार्यक्रमात ट्रम्पेट वाजवायचे. लहानपणी मॅडम खिडकीत बसून ती जुनी इंग्रजी गाणी ऐकायच्या. आता सत्तरी उलटल्यावर त्यांना वाटलं की आपल्या चार गळ्यांत ती गाणी बसवावी आणि एकदा रेकॉर्ड करून ठेवावी. चर्चमधले काही लोक कुरकुरले की ही नाचाची गाणी, प्रेमाची गाणी. मॅडम म्हणाल्या, प्रेम देवानंच केलंय, तुम्ही कुरकुर कोणाची करताय?

ती गाणी आमच्या गळ्यात बसायला महिने लागले. चर्चच्या गाण्यात सूर सरळ रस्त्यानं घरी येतात. ह्या गाण्यांत प्रत्येक सूर गल्लीबोळातून फिरून, कोणाच्या तरी ओट्यावर बसून, मग घरी येतो. मला ते आवडलं. माझ्या वयाला ते पटायचं. अन् त्यातलं एक गाणं तर मॅडमनं माझ्यासाठीच बसवलं होतं. संथ गाणं, कोणीतरी निघून गेलेलं असतं आणि मागे राहिलेला माणूस दिवा विझवतो असं. शेवटी बाकी तिघं एकेक करून थांबतात आणि खाली मी एकटा उरतो. एकच सूर, लांब, विझेपर्यंत. मी तो सूर पहिल्यांदा लावला तेव्हा सिस्टर म्हणाली, "भैया, रोंगटे खड़े हो गए." मी घरी येऊन बायकोला सांगितलं, "आता पाहाच तू. त्या गाण्यात शेवटी मी एकटाच हाय. आता नाही म्हणशील कोणता तुमचा म्हणून."

तालमीत गार्डसाहेब त्या शेवटच्या सुरात हळूच माझ्याबरोबर यायचे. मी विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, थोडी ऊब पाहिजे तिथं. मला वाटलं गाण्याची मागणी असेल.

स्टुडिओ जुनवानीला होता. एका घराच्या वरच्या मजल्यावर, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. स्टुडिओवाला चाळिशीचा, नवरात्रात देवीची जसगीतं रेकॉर्ड करणारा, छत्तीसगढी गाण्यांत नाव असलेला. आमची गाणी ऐकून तो गोंधळलाच, पण माणूस चांगला. मी बायकोला मुद्दाम नेलं होतं. तिनं जरीकाठाची साडी नेसली होती, जसं काही लग्नालाच आलो. आम्ही चौघं नेहमीसारखे अर्धगोल करून उभे राहिलो, तर तो म्हणाला, "अइसे नइ होय. एक-एक झन आवव." म्हणजे एकेकानं आत यायचं, कानाला हेडफोन लावायचे, आपापला आवाज वेगळा द्यायचा. नंतर तो ते सगळे एकत्र जोडणार. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणी एकट्यानं गायलं नव्हतं. मॅडम जरा चिडल्याही. पण मी मनातल्या मनात खूष झालो. वेगळा आवाज! हेच तर पाहिजे होतं मला.

सिस्टर गेली, मॅडम गेल्या, मग गार्डसाहेब. ते आत गात असताना स्टुडिओवाल्यानं मध्येच थांबवलं. म्हणाला, "भैया, आप बीच-बीच में अपनी लाइन छोड़ के नीचे क्यों जा रहे हो? नीचे तो दूसरे भैया गाएँगे ना?" काचेतून मला गार्डसाहेबांचा चेहरा दिसत होता. ते म्हणाले, "रहने दो. ऐसा ही है." पुन्हा सुरू केलं, पुन्हा तसेच खाली उतरले. मी हसलो. मॅडमना म्हटलं, "गार्डसाहेबांची गाडी आज रूळ बदलून राहिली." मॅडम हसल्या नाहीत.

मग मी गेलो. कानात तिघांचे आवाज, डोळे मिटलेले. मी जीव तोडून गायलो. शेवटचा सूर लावला, छाती थरथरली, मला वाटलं जमलं. बाहेर आलो तर घाम आला होता. म्हटलं, वय झालं. बायकोला खुर्चीवर बसवलं, तिच्या कानाला हेडफोन द्यायला लागलो, तर ती म्हणाली, "नाही बापा, मले ते नाही लावता येत." स्टुडिओवाल्याला म्हटलं, मोठ्यानं लाव. माझा एकट्याचा.

त्यानं लावला.

पहिल्या दोन ओळी ठीक होत्या. मग सूर तुटला. पुन्हा लागला, पुन्हा तुटला. मध्ये शिट्टीसारखं काहीतरी वाजत होतं. मी स्टुडिओवाल्याला म्हटलं, मशीनमध्ये काहीतरी खराबी आहे. तो खाली मान घालून म्हणाला, "नहीं भैया, ये आपकी साँस है." शेवटचा सूर आला. तो सूर मी धरला होता, देवाशपथ मला वाटलं होतं की मी धरला होता. तो अर्ध्याच्याही आधी संपला, अन् पुढं नुसता श्वास होता, कोणी जिना चढून आल्यासारखा.

बायको पुढं झुकून लक्ष देऊन ऐकत होती. ती म्हणाली, "हा तं मले माहीत हाय. झोपेत तुमी असेच करता. लय दिवस झाले."

मी म्हटलं, गार्डसाहेबांचा लाव. दोन्ही एकत्र लाव. त्यानं लावले. जिथं जिथं मी तुटत होतो तिथं तिथं गार्डसाहेब उतरले होते. मी गायलोही नव्हतो त्याच्या आधी ते गाऊन गेले होते, तरी एक जागा चुकली नव्हती. माझं तुटणं त्यांना पाठ होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाले दिवस, भाऊ."

"किती?"

"मागच्या नाताळच्याही पहिलेपासून."

"सांगितलं कावून नाही मले?" मी ओरडलोच. स्टुडिओवाला घाबरून उभा राहिला.

गार्डसाहेब म्हणाले, "आपण सांगत नाही ना, भाऊ. सिस्टरले तरी सांगितलं होतं काय कोणी?"

"सिस्टरच्या पोटात लेकरू होतं! माझ्या पोटात काय होतं?" मी म्हटलं. "तुमाले वाटलं काय, म्हातारा हाय, खूष राहू द्या?" मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मला त्या वेळी कोणाच्या पाण्याची कदर नव्हती. बायकोचा हात धरला अन् जिना उतरलो. उतरता उतरता दोनदा थांबावं लागलं.

डॉक्टरनं छातीचे फोटो काढले, नळीत फुंकायला लावलं. फुप्फुसं आखडत चालली आहेत, म्हणाले. कशानं, ते त्यांना नक्की सांगता आलं नाही. माझ्या बापालाही शेवटी असाच दम लागायचा, अन् त्यानं गावचं धान सोडून दुसरं काही पाहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, जेवढं गेलं ते परत येणार नाही, जेवढं आहे ते सांभाळू. मग कागदावर लिहिता लिहिता म्हणाले, "वर्षभर आधी आला असता तर बरंच हाती राहिलं असतं. गाणारे आहात ना तुम्ही? गाणाऱ्याला तर सगळ्यांत आधी कळतं."

हेच ते. हेच मला आजही रात्रंदिवस खातं. गाणाऱ्याला सगळ्यांत आधी कळतं. मला कळलं नाही, कारण माझा सूर कधी तुटलाच नाही माझ्या कानाला. मी थांबायचो तेव्हाही तो चालूच असायचा. आम्ही चौघं एकमेकांना इतके सांभाळून घेत होतो की त्यात माझा आजारही सांभाळला गेला. दुसऱ्या कुठल्या गटात, एखाद्या ऑर्केस्ट्रात, पहिल्याच दिवशी कोणी खेकसलं असतं, "काका, सूर सुटला, झोपलात का?" अन् मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो असतो. चांगल्या माणसांत पडलो, म्हणून गेलो नाही. राग कोणावर काढायचा सांगा.

गार्डसाहेब घरी आले होते. मी आतल्या खोलीत पडून राहिलो. बायकोनं चहा दिला, ते बसले, गेले. पुन्हा आले, पुन्हा तसंच. मग त्यांचं येणं थांबलं. मॅडमचा फोन आला की माझ्याशिवाय रेकॉर्डिंग टाकून देऊ. मी म्हटलं, टाकू नका, तुमच्या वडिलांची गाणी आहेत, गार्डसाहेबांकडून दोन्ही ओळी घ्या, वेगवेगळ्याच तर घेताय. त्या म्हणाल्या, ठीक आहे. स्टुडिओवाल्यानं माझा आवाज ठेवलाय का, विचारलं, तर म्हणे त्याच दिवशी पुसला, मला वाईट वाटू नये म्हणून. पाहा, तोही आमच्यातलाच निघाला.

गाणी झाली. मॅडमनी सगळ्यांना फोनवर पाठवली. मी ऐकली नाहीत. परवा दुपारी बायको ओसरीत लाखोळीची भाजी निवडत बसली होती, अन् तिनं ते संथ गाणं लावलं. मी उठून जाणार होतो, पण हल्ली उठायचं म्हणजे आधी विचार करावा लागतो, तोवर गाणं अर्ध्यावर आलं. सिस्टर थांबली. मॅडम थांबल्या. शेवटचा सूर आला. स्वच्छ, लांब, कुठं तडा नाही. वाईट म्हणता येणार नाही. फक्त तळाला पोचत नव्हता. गार्डसाहेबांचा गळा तिथवर जातच नाही, म्हणून मॅडमनी गाणं थोडं वर उचललं होतं.

बायकोनं भाजीवरचे हात थांबवले. "हे भाऊजी ना?"

"हाव."

"तुमचा याहून खाली जाये काय?"

"लय खाली."

ती म्हणाली, "जी, तुमचा आवाज पहिले चांगला होता काय?"

तिनं काही टोचायला विचारलं नव्हतं. आमचं लग्न झालं तेव्हा माझा आवाज होता, पोरं झाली तेव्हा होता, वर्षानुवर्षं तिच्याच बाजूला झोपत होता, अन् तिला खरंच माहीत नव्हतं. मी काय सांगणार? स्वतःच्या तोंडानं सांगायचं, चांगला होता म्हणून? दाखवायला काय होतं माझ्याकडे? एक रेकॉर्ड नाही, एक तुकडा नाही. चर्चमधल्या लोकांनी चौघांचा ऐकला, माझा कोणी ऐकला नाही. माझा एकट्याचा ज्याला माहीत होता असा जगात एकच माणूस होता, जो माझ्या बाजूला उभा राहून त्या आवाजात उतरत होता.

"गार्डसाहेबांले विचार," मी म्हटलं.

तिनं खरंच फोन लावला. स्पीकरवर ठेवला, हात मातीनं माखले होते म्हणून. "भाऊजी, एक विचारू काय? आमच्या ह्यायचा आवाज पहिले चांगला होता काय?"

पलीकडे मालगाडी जात असावी, बराच वेळ तिचाच आवाज येत राहिला. मग गार्डसाहेब म्हणाले, "भाऊ हायेत काय तिथं?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी हातानं नाही म्हटलं.

"नाही," ती म्हणाली.

"वहिनी," ते म्हणाले, "मी तोच आयकाले तं येत होतो इतक्या दुरून. बाकी गाणं काय, कुठंबी गाता येते. पहिले भाऊ सूर लावे तं पायाखालची फरशी घुमलेली समजे. मले वाटे, आज सांगतो, उद्या सांगतो. पण सांगितलं असतं तं त्यायनं दुसऱ्याच दिवशी सोडलं असतं. मले माहीत हाय तो माणूस. अन् मले तो आवाज आणखी थोडे दिवस पाहिजे होता. जेवढा उरला होता तेवढा. माझी चूक झाली, वहिनी."

मी ओठ उघडले होते. शब्द होता, श्वास नव्हता. बायकोनं भाजीची सुपली बाजूला सारली, पदराला हात पुसले, फोन उचलून कानाला लावला आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

"सांगा ना, भाऊजी," ती म्हणाली. "कसा होता, मले नीट सांगा."